नंबर येईपर्यंत

बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतोय. मधे दोघा-तिघांनी विचारलंही, "काय हो, ब्लॉग बंद केलात का?" बंद नाही केला. सकाळी साडेसहाला एका शाळेच्या हॉलमध्ये हजर राहायचं असायचं, त्यामुळे रात्री जागून लिहायची सवय मोडली, एवढंच. रिटायर झाल्यावर माणूस मोकळा होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा शाळेतल्या पीटीच्या सरांशी ओळख करून घ्यावी.

तर गोष्ट बेसबॉलची आहे. (आत्या, हो, बेसबॉलच. टाइप करताना चूक झालेली नाही.)

आमच्या नेरूळमध्ये खेळ म्हटलं की क्रिकेट. डी. वाय. पाटील स्टेडियम हाकेच्या अंतरावर. 2008 साली आयपीएलची पहिली फायनल तिथेच झाली, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून वर्ल्ड कप उचलला तोही तिथेच. अशा गावात बेसबॉल कोण खेळणार? पण शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉलही असतो आणि सॉफ्टबॉलही. महापालिका पातळी, मग विभाग, मग राज्य. क्रिकेटच्या टीममध्ये न घेतलेली पोरं, दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतील या आशेवर असलेले पालक, आणि हा खेळ मनापासून आवडणारा एखादा सर, एवढ्यावर ही टीम उभी राहते. आमचे सर विदर्भातले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले, स्वतः सॉफ्टबॉल खेळलेले. आमची ओळख सकाळच्या फिरण्यातली. मी तरुणपणी कंपनीच्या टीममधून क्रिकेट खेळलोय हे एकदा बोलता बोलता सांगून बसलो, आणि अडकलो.

2025 साली पाऊस किती लवकर आला ते तुम्हाला आठवत असेल. 26 मेलाच मुंबईत मान्सून दाखल. शाळा उघडायच्या आधीच मैदानाची खाचरं झाली होती. स्पर्धा पावसाळा सरता सरता. म्हणजे बॅटिंगची सगळी प्रॅक्टिस छपराखाली करायची. शाळेने हॉल दिला. मी टेप घेऊन मोजला तर लांबी बरोबर साठ फूट. आणि बेसबॉलमध्ये पिचर आणि बॅटरमधलं अंतर साठ फूट सहा इंच! सहा इंचांनी आमचा हॉल बेसबॉलला कमी पडला. :-)

जाळ्याची गंमत सांगतो. क्रिकेटचं नेट विकत घ्यायचं तर शाळेचं बजेट नाही. सर आणि मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात गेलो. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे जाळी किनाऱ्यावर असतात आणि लोक ती दुरुस्त करत बसलेले असतात. एक जुनं नायलॉनचं जाळं पसंत केलं. बेसबॉलचा घेर नऊ इंचांच्या आसपास, म्हणजे व्यास सात सेंटिमीटरच्या थोडा वर. जाळ्याचं भोक त्याहून लहान हवं, एवढाच आमचा निकष. मी भोकात पट्टी घालून मोजतोय हे बघून तिथल्या मावशींनी विचारलं, "पोरां धरनार काय ह्याच्यात?" सर म्हणाले, "हो मावशी, लई उधळले आहेत." घरी आणून ते गॅलरीत चार दिवस धुतलं तरी वास काही गेला नाही. बायको अजून त्या चार दिवसांबद्दल बोलते.

जाळं स्टेजच्या पडद्याच्या पाइपला टांगलं. पहिल्या दिवशी मी ते ताणून बांधलं, तंबूसारखं. पहिला फटका बसला आणि चेंडू तितक्याच जोरात परत येऊन माझ्या नडगीवर. जाळं ढिलं सोडायचं, खाली फूटभर जमिनीवर लोळू द्यायचं, म्हणजे चेंडू त्यात मरतो. सरांना हे माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

प्रॅक्टिसही मी तशीच सुरू केली, न विचारता. मला जी एकच पद्धत माहीत होती ती. एक जाळं, एक बॅटर, समोरून टाकणारा मी, बाकीचे रांगेत. सोळा पोरं. मी चेंडू टाकायचो, थांबवायचो, पुढे जाऊन कोपर धरून दाखवायचो, परत मागे यायचो. क्रिकेटमध्ये वाढलेल्या पोरांना बेसबॉल शिकवणं म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने जेवायला लावणं. बॅट खाली टेकवून उभं राहायचं नाही, खांद्याजवळ धरायची. चेंडू टप्पा खाऊन येत नाही, थेट येतो. लेग ग्लान्स, लेट कट, मागे मारलेलं काहीही फाउल. क्रिकेटमध्ये चहूकडे धावा असतात, इथे समोरचा एक काटकोन तेवढा आपला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, मारल्यावर बॅट टाकून पळायचं. आमची पोरं बॅट घेऊन पहिल्या बेसपर्यंत पळत जायची आणि तिथे ती क्रीजमध्ये घासायची! मी हसायचो, रागवायचो, परत समजवायचो. खरं सांगू? मजा मला येत होती. पस्तीस वर्षं कंपनीत मीटिंगमध्ये माझं कुणी इतकं ऐकलं नव्हतं.

एकदा सर हळूच म्हणाले, "काका, पोट्टे उभे राहून राहून बोर होऊन राह्यले ना." मी म्हटलं, "सर, खेळ बघूनही शिकता येतो." सर गप्प बसले. वयाचा मान.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. नववीतला एक मुलगा आहे, त्याला इथे डावखुरा म्हणतो. शांत पोरगं. रांगेत त्याचा नंबर बारावा. एक चेंडू जाळ्याच्या कडेने सुटून रांगेकडे घरंगळत आला, तो उचलायला हा वाकला. त्याच्या पुढचा, अकराव्या नंबरचा, कंटाळून जागच्या जागी बॅट फिरवत होता. मी जाळ्यात कुणालातरी कोपर समजावत होतो. आवाज ऐकला तो वेगळा होता. ॲल्युमिनियमची बॅट चेंडूवर बसली की टण्ण वाजतं, तसा नव्हता.

भुवईच्या वर लागलं. डोळा वाचला, अर्ध्या इंचाने. कोटाच्या लादीवर रक्त किती पसरतं ते मला त्या दिवशी कळलं. सरांनी रुमाल दाबून धरला, आम्ही रिक्षाने पुढच्या सेक्टरमधल्या डॉक्टरांकडे गेलो. चार टाके. बॅट फिरवणारं पोरगं हॉलच्या पायरीवर बसून रडत होतं, त्याच्याकडे बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्याचंही वाईट वाटतं.

डावखुऱ्याची आई तुर्भ्याहून ऑफिसातून आली. मी सगळी वाक्यं तयार ठेवली होती. खेळ म्हटला की लागायचंच, डोळ्याला काही नाही, खर्च आम्ही करतो वगैरे. त्यांनी आवाज चढवला नाही. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून मला फक्त विचारलं, "हा तेव्हा काय करत होता?"

मी म्हटलं, "नंबरची वाट बघत होता."

"किती वेळ?"

मला सांगता आलं नाही.

मंडळी, माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात वर्क स्टडीत गेली. म्हणजे हातात स्टॉपवॉच घेऊन मशीन किती वेळ चालतं आणि किती वेळ रिकामं उभं राहतं ते मोजायचं. एखादं लेथ तासात वीस मिनिटं बंद दिसलं की मी सुपरवायझरला घाम फोडायचो. आणि इथे माझ्या डोळ्यांसमोर...

दुसऱ्या दिवशी ते जुनं स्टॉपवॉच कपाटातून काढलं. शुक्रवार-शनिवार दोन दिवस चेंडू टाकायचं काम सरांना दिलं आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून मोजत बसलो. नव्वद मिनिटांतली बारा मिनिटं जाळं लावण्यात, चेंडू गोळा करण्यात. उरलेली अठ्ठ्याहत्तर सोळा जणांत. प्रत्येकाला पाच मिनिटांहून थोडी कमीच. त्यात सरासरी एकोणीस चेंडू. हे सर टाकत असताना, आणि सर कमी बोलतात. माझ्या वेळी किती पडत असतील याचा हिशोब केला नाही, केला असता तर इथे लिहिलाही असता. बाराव्या नंबरचा मुलगा पन्नासेक मिनिटं उभा राहतो तेव्हा त्याला बॅट मिळते. त्या आईंना द्यायचं उत्तर मला दोन दिवस उशिरा मिळालं.

त्या रात्री मुलाला फोन केला, बंगलोरला. सहज असं दाखवून विचारलं, "तू क्रिकेट का सोडलंस रे?"

इथे थोडं थांबतो, कारण पुढचं वाचणाऱ्यांत नातेवाईकच जास्त आहेत. तुम्हा सगळ्यांना मी वीस वर्षं एकच सांगत आलोय. मुंजीत, लग्नात, गणपतीत. की आमच्या चिरंजीवांना खेळाची आवडच नव्हती, दोन उन्हाळे कोचिंग लावलं, पांढरे कपडे, बॅट, पॅड सगळं घेतलं, पण स्वारीचं लक्ष पुस्तकात. तो समोर असतानाही सांगितलंय. तो हसायचा.

फोनवर म्हणाला, "बाबा, मी खेळलोच कुठे? दोन वर्षं मोठ्या मुलांचे बॉल आणून दिले. शेवटी दहा मिनिटं राहिली तर बॅटिंग मिळायची. बहुतेक वेळा राहायची नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गेटवर यायचात आणि विचारायचात, आज किती रन काढलेस? काय सांगणार?"

त्या कोचिंगवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ऐंशी पोरं, दोन नेट, आणि मी त्यांचाच धडा पुढे गिरवत होतो. ताई, पुढच्या वेळी हा विषय निघाला तर खरी गोष्ट ही आहे. असो.

सोमवारी सरांना म्हटलं, "आता तुम्ही सांगा, मी ऐकतो." त्यांच्याकडे सगळं तयारच होतं. सोळा पोरांचे चार गट, हॉलचे चार कोपरे, पंधरा-पंधरा मिनिटं, मग पुढच्या कोपऱ्यात. चौघांतला एक मारणार, एक टाकणार, एक चेंडू गोळा करणार, एक वहीत लिहिणार. आणि पहिला नियम: जमिनीवर इन्सुलेशन टेपने आखलेल्या चौकोनाच्या बाहेर कुणाच्या हातात बॅट दिसता कामा नये. शिट्टी वाजली की बॅट जमिनीवर. हॉलमध्ये एकूण तीनच बॅटी, बाकीच्या कपाटात कुलपात. हा नियम आधी असता तर... पण तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता हे खरं.

एका कोपऱ्यात टी. म्हणजे चेंडू ठेवायचा उभा खांब. विकतचा महाग, म्हणून प्लंबरकडून पीव्हीसी पाइप आणला, रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून तो उभा केला, आणि वरच्या टोकाला गाडीच्या रेडिएटरचा रबरी होज बसवला. बॅट चुकून खाली लागली तरी रबर वाकतं, पाइप फुटत नाही. हलत्या चेंडूचा प्रश्नच नाही, त्यामुळे पोरांचं लक्ष स्वतःच्या कमरेकडे, पायाकडे जातं. खरा बेसबॉल फक्त इथे, तोही ढिल्या जाळ्यात तीन फुटांवरून. बाकी सगळीकडे टेनिस बॉल किंवा त्याहून हलकं.

दुसऱ्या कोपऱ्यात समोरून टाकणं. इथे माझा एक हिशोब उपयोगी पडला, म्हणून थोडी फुशारकी मारून घेतो. शाळेतला बरा पिचर ताशी शंभर किलोमीटरने टाकतो असं धरू. साठ फूट सहा इंच म्हणजे 18.44 मीटर. चेंडूला लागतात साधारण 0.66 सेकंद. आता टाकणारा आठ मीटरवर आणला, तर तेवढ्याच वेळात पोचायला चेंडूचा वेग हवा ताशी फक्त 43 किलोमीटर. म्हणजे सातवीतलं पोरगंही टाकू शकतं! बॅटरला विचार करायला वेळ तेवढाच, आणि हॉल सहा इंच कमी असल्याचं दुःख खलास. टाकणाऱ्यापुढे जुन्या लोखंडी खाटेची चौकट जाळं लावून उभी केली, तिच्या आडून हात बाहेर काढायचा, डोकं आत. मी टाकायचा बंद झालो तेव्हा कळलं की माझी तिथे फारशी गरज नव्हती.

तिसरा कोपरा पोरांचा सगळ्यात लाडका. डोमिनिकन रिपब्लिक नावाचा एक छोटा देश आहे, अमेरिकेच्या बेसबॉलला तिथून खेळाडूंची रीघ लागलेली असते. तिथली पोरं गल्लीत 'व्हितिया' खेळतात. बॅट म्हणजे झाडूचा दांडा, आणि चेंडू म्हणजे पाण्याच्या मोठ्या जारचं झाकण. झाकण हवेत वाकडंतिकडं वळतं, खाली बसतं, ऐनवेळी सटकतं. त्याला दांड्याने मारायचं म्हणजे डोळे शेवटपर्यंत त्याच्यावर लागतात. आता तुम्ही सांगा, नवी मुंबईत वीस लिटरच्या जारला काय तोटा? प्रत्येक ऑफिस, प्रत्येक दुकान, अर्ध्या सोसायट्या. जारवाल्याला गाठलं. तो आधी संशयाने बघत होता (डुप्लिकेट पाण्याचा धंदा वाटला असावा), मग एक दिवस गोणभर झाकणं आणून ओतली. कुणाला लागत नाही, ट्यूबलाइट फुटत नाही, लादीवर टपटप पडतात. पहिल्या दिवशी दहा झाकणांत एक लागत होतं. महिन्याने चार-पाच. बेसबॉलमध्ये दहातले तीन वेळा यशस्वी होणारा मोठा खेळाडू समजतात, हे मी पोरांना सांगितलं तर एकाने विचारलं, "मग गणितात पण तसं करा ना काका."

चौथा कोपरा बघायचा. इथे बॅट खांद्यावर, पण मारायचं नाही. अजिबात नाही. भिंतीवर जुनी चादर, तिच्यावर गुडघ्यापासून छातीपर्यंतचा चौकोन, त्याचे नऊ भाग रंगवलेले. समोरून टेनिस बॉल येतो, अर्ध्या वाटेवर टेपची रेघ आहे, चेंडू ती ओलांडायच्या आत ओरडायचं: "हो" किंवा "नाही". मारण्यासारखा की सोडण्यासारखा. वहीवाला चादरीवर बघून बरोबर-चूक लिहितो. ही कल्पना सरांची, पण तिचे आजोबा अमेरिकेत. टेड विल्यम्स म्हणून एक मोठा बॅटर होऊन गेला, 1941 च्या सीझनमध्ये त्याची सरासरी होती .406, म्हणजे हजार वेळांत चारशे सहा. त्याने आपल्या पुस्तकात या चौकोनाचं चित्र दिलं आहे, त्यात 77 चेंडू मांडलेत, आणि कुठे आलेल्या चेंडूवर आपली सरासरी किती पडेल ते प्रत्येकावर लिहिलंय. वर्क स्टडीवाल्या माणसाला असं चित्र दिसलं की काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं. मी ते तासभर बघत होतो.

फसलेला प्रयोगही सांगतो. जपानचा सादाहारू ओह. 868 होमरन! त्याचे कोच अराकावा यांनी त्याला घरातल्या चटईच्या खोलीत तलवार हातात देऊन छताला टांगलेला कागद कापायला लावलं होतं. चेंडू नाही, मैदान नाही, नुसती खोली. मला हे फार आवडलं. तलवार कुठून आणणार, म्हणून पंख्याच्या हुकांना दोऱ्याने वर्तमानपत्रं टांगली आणि प्लास्टिकचे पाइप दिले. दहा मिनिटांत हॉल रद्दीच्या दुकानासारखा. कुणी काही शिकलं नाही, शिपाईमामा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दोन आठवड्यांनी परत मोजलं. प्रत्येकाचे मारायचे प्रयत्न एकोणीसवरून सत्तरच्या आसपास गेले होते. पण मला जास्त बरं वाटलं ते दुसऱ्याच आकड्याचं. कुणीही सलग दीड मिनिटाहून जास्त रिकामं उभं नव्हतं. एक कबूल करतो, सत्तर हा आकडाही फसवा आहे. दहावीतली दोन पोरं टीवर नुसती दळण दळल्यासारखी मारायची, डोळे दुसरीकडे. सर त्यांना दर पाच चेंडूंनंतर थांबवून विचारायचे, "आत्ता कुठं मारायचा होता?" सांगता आलं नाही तर पुढचे पाच दुसऱ्याला.

डावखुरा टाके निघाल्यावर आला. आई दारापर्यंत सोडायला आल्या. मी त्यांना ते पन्नास मिनिटांचं सांगितलं. मोजलं होतं म्हणून सांगितलं, आणि चूक माझी होती हेही. त्या म्हणाल्या, "आता किती?" मी स्टॉपवॉचच त्यांच्या हातात दिलं. त्या अर्धा तास दारात उभ्या राहून बघत होत्या, मग घड्याळ परत देऊन लोकल पकडायला गेल्या. काही बोलल्या नाहीत.

पोरगं मात्र घाबरलं होतं. चेंडू आला की मान मागे. बॅट हातात घेतली की आजूबाजूला कोण आहे ते बघायचं. ते तर मी सगळ्यांना शिकवायला हवं होतं. सरांनी त्याला आठवडाभर फक्त चौथ्या कोपऱ्यात ठेवलं. हेल्मेट घालून उभा राहा, आणि बोल. पहिल्या दिवशी त्याचा आवाज मला ऐकूच येत नव्हता. "हो", "नाही", पुटपुटल्यासारखं. वहीवाली मुलगी (सॉफ्टबॉलच्या मुलीही आमच्याबरोबरच असतात) दर वेळी "काय?" म्हणून ओरडायची. चौथ्या दिवशी हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल असा "नाही!" आला. वहीत बघितलं तर वीसपैकी सतरा बरोबर. टीममध्ये कुणाचेच तेवढे नव्हते. रांगेत बाराव्या नंबरवर तीन आठवडे उभं असलेलं ते पोरगं चेंडू इतका लवकर वाचतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होणार कसं? मी त्याला एकोणीस चेंडू द्यायचो आणि प्रत्येकाला कोपर दुरुस्त करायचो.

मग तो झाकणांच्या कोपऱ्यात गेला. झाकणाला भीती वाटण्यासारखं काही नसतं. मान मागे जायची बंद कधी झाली ते नेमकं सांगता येणार नाही, त्या दिवशी मी मोजत नव्हतो.

मधे पोरांनी विचारलं, "काका, बेसबॉल खेळून पुढे काय?" मी त्यांना रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची गोष्ट सांगितली. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. शिवाय 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल दोन्ही घ्यायचं ठरलं ते ऑक्टोबर 2023 मध्ये, आणि ठरलं कुठे, तर इथे पलीकडे मुंबईतल्या बैठकीत! पोरांनी ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, "पण गुण मिळतात ना?" मिळतात बाबा, राज्य पातळीवर गेलास तर.

गेली नाहीत. दुसऱ्याच मॅचमध्ये हरली, मोठ्या फरकाने. मैदान ओलं, समोरची टीम वर्षानुवर्षं खेळणारी. आमच्या पोरांनी बॅटिंग बरी केली, फील्डिंगमध्ये दाणादाण. हॉलमध्ये उंच झेल कसे देणार? वर पंखे! त्याचा विचार यंदा करायचाय. डावखुरा तीनदा आला. एकदा तीन स्ट्राइक होऊन परतला. एकदा चारही वाईट चेंडू सोडून फुकट पहिल्या बेसवर गेला, तेव्हा सरांनी माझ्या पाठीत असा गुद्दा मारला की दोन दिवस दुखत होतं. आणि तिसऱ्यांदा चेंडू दोन फील्डरच्या मधून सणसणीत गेला, आणि आमचा डावखुरा बॅट हातात घट्ट धरून पहिल्या बेसवर पळाला आणि तिथे ती घासली.

मुलाला फोनवर सांगितलं. खूप हसला. म्हणाला, "दिवाळीत आलो की मी येतो एकदा हॉलवर. पण बाबा, बॉल आणायला नाही." आला. झाकणांच्या कोपऱ्यात पोरांच्यात उभा राहिला. सदतिसातली अकरा लागली. वही आहे माझ्याकडे.

तर आता नव्या मोसमाची तयारी. नेरूळ, सानपाडा, सीवूड्स भागात जे कुणी हे वाचत असतील त्यांना विनंती: ऑफिसात, दुकानात, सोसायटीत वीस लिटरचा जार येत असेल तर झाकणं फेकू नका, पिशवीत साठवून ठेवा. निरोप द्या, मी येऊन घेऊन जाईन. उघडताना पट्टी ओढून पार फाटलेली मात्र चालत नाहीत, ती हवेत नीट वळत नाहीत.